उत्सवमूर्ती, देव्हाऱ्यातले देव आणि संग्राहकाचा अधिकार

जुन्या ब्राँझच्या देवमूर्ती खासगी व्यक्तीने जमवाव्यात की जमवू नयेत, या प्रश्नावर आपल्याकडे दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत असे की देवाची मूर्ती ही दिवाणखान्यात मांडायची वस्तूच नव्हे, त्यामुळे तिचा प्रत्येक संग्राहक कळत-नकळत चोरांचा आश्रयदाता ठरतो. दुसरे मत असे की संग्राहक नसते तर यांतल्या कितीतरी मूर्ती भंगारात जाऊन वितळल्या असत्या, आणि म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहणे हा कृतघ्नपणा आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण ती दोन वेगळ्या प्रकारच्या मूर्तींबद्दल खरी आहेत. आणि हा भेद कोणी करत नसल्यामुळे आपली चर्चाही भरकटते आणि कायदाही. मंदिरात प्रतिष्ठापना झालेली, उत्सवात मिरवली जाणारी मूर्ती कोणाच्याही खासगी मालकीची होऊ शकत नाही, मग तिच्यासाठी कितीही किंमत मोजलेली असो, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट घरच्या देव्हाऱ्यातून बाहेर पडलेल्या मूर्तीला प्रामाणिक संग्राहकाची नितांत गरज आहे, आणि आजची व्यवस्था नेमकी त्याचीच वाट अडवून बसली आहे.

आधी मंदिरातल्या मूर्तीबद्दल. दक्षिणेतील चोळकालीन धातुमूर्ती जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत सर्वाधिक मोलाच्या मानल्या जातात. त्यांपैकी एखादी मूर्ती पाहताना बहुतेकांची नजर चेहऱ्यावर, हातांच्या मुद्रेवर किंवा कमरेच्या बाकावर खिळते. तिच्या पायथ्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि मूर्तीची खरी ओळख तिथेच असते. कमलपीठाखालच्या चौकोनी बैठकीला भोके पाडलेली किंवा कड्या ओतलेल्या असतात. त्यांतून दांडे घालायचे, दोर आवळायचे आणि मूर्ती खांद्यावर घ्यायची, यासाठी ती सोय. बैठकीच्या दोन बाजूंना वर आलेले खुंट असतात, ते प्रभावळ बसवण्यासाठी. गर्भगृहातला दगडी देव जागचा हलत नाही. जो दर्शनाला मंदिरात येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत रस्त्यावरून चालत जाणारा देव म्हणजे ही धातूची मूर्ती. तिथे तो रेशमी वस्त्रांत, फुलांच्या माळांत आणि दागिन्यांत इतका झाकलेला असतो की भक्ताला दिसतो तो बहुधा चेहराच. काचेच्या कपाटात प्रकाशझोताखाली उघडी ठेवलेली मूर्ती आपण पाहतो, तेव्हा तिला घडवणाऱ्याने ज्या रूपात ती लोकांसमोर जाईल असे गृहीत धरले होते, ते रूप आपण पाहतच नसतो. शिल्प म्हणून ती तशीही अप्रतिम आहे, हे मान्यच. परंतु पायथ्याला दांड्यांची भोके असलेली वस्तू एका माणसाच्या घरासाठी घडवलेली नव्हती, हे त्या भोकांतूनच सिद्ध होते.

ही मूर्ती कोणाच्या मालकीची, याचे उत्तर आपल्या परंपरेने आणि न्यायालयांनी फार पूर्वी दिलेले आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाच्या काळातले शिलालेख आहेत. राजाने, राजघराण्यातील स्त्रियांनी आणि अधिकाऱ्यांनी अर्पण केलेल्या धातुमूर्तींची उंची, हातांची संख्या, त्यांचे दागिने अशा तपशिलांसह तिथे नोंद आहे. दिलेली वस्तू देवाची झाली, आता ती देणाऱ्याचीही नाही आणि पुजाऱ्याचीही नाही, हे जाहीर करणारे ते दस्तऐवजच आहेत. ब्रिटिश काळातही १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक कुटुंबाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायासनाने, हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असल्याचे स्पष्टपणे मान्य केले. देवता मालमत्ता धारण करू शकते, दावा लावू शकते, आणि तिच्या वतीने व्यवहार पाहणारा माणूस फक्त व्यवस्थापक असतो. ज्याला विकण्याचा अधिकार नव्हता त्याच्याकडून घेणाऱ्याला मालकी कुठून मिळणार?

हा युक्तिवाद भारताबाहेरच्या न्यायालयातही टिकला, आणि तो कसा टिकला हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. १९७६ साली तंजावर जिल्ह्यातील पत्तूर या गावी, एका पडक्या शिवमंदिराच्या जागेजवळ खणताना एका मजुराला जमिनीत पुरलेली नटराजाची मूर्ती सापडली. हातोहाती विकली जात ती लंडनला पोहोचली आणि १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने अडीच लाख पौंडांना घेतली. ब्रिटिश पोलिसांनी ती ताब्यात घेतल्यावर खटला उभा राहिला, आणि दावेदारांत भारत सरकार व तमिळनाडू राज्याबरोबर ते मंदिर स्वतःही होते. ते मंदिर पूजेअभावी कित्येक शतके ओस पडलेले होते. लंडनच्या मूर्तीवर चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा त्याच जागी नंतर सापडलेल्या इतर धातुमूर्तींशी ताडून पाहण्यात आल्या. अखेर १९९१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मंदिराचा दावा मान्य केला आणि नटराज परत आला. भग्न मंदिराचाही हक्क संपत नाही, हा त्या निकालाचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘तिथे आता पूजा होत नाही, मग कोणाचे काय बिघडले’ हा बचाव त्यामुळे पुरता निकालात निघतो.

संग्राहकांचा दुसरा आवडता बचाव सद्भावनेचा आहे: आम्ही कागदपत्रे पाहून घेतली, आम्हाला काय ठाऊक? कुंभकोणमजवळच्या शिवपुरमचा नटराज १९५१ साली जमिनीत सापडला, दुरुस्तीसाठी म्हणून बाहेर गेला, आणि मंदिरात परत आली ती त्याची प्रतिकृती. गावकरी त्या प्रतिकृतीची पूजा करत राहिले आणि मूळ मूर्ती देशाबाहेर गेली. १९७३ च्या सुमारास अमेरिकन उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या संस्थेने ती विकत घेतली. मूर्ती तस्करीतून आल्याचे त्यांनी एका वृत्तपत्राशी बोलताना मान्य केले होते, आणि पुढे ते विधान नाकारले. १९७६ मध्ये तडजोड झाली, तिच्यानुसार मूर्ती दहा वर्षे त्यांच्याच संग्रहालयात राहिली आणि १९८६ मध्ये परतली. सद्भावनेचे हे रूप असेल, तर तिच्यावर विसंबणे कठीण आहे.

त्यानंतर दोन दशकांनीही फारसे बदलले नव्हते. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान येथील मंदिरातला नटराज चोरीला गेला. मूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवण्यासाठी अधिकारी २००८ मध्ये तिथे गेले तेव्हा चोरी उघडकीस आली, आणि त्याच वर्षी ती मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख अमेरिकन डॉलरना विकत घेतली. सोबत कागदपत्रे होती, आणि त्यांत मूर्ती भारतीय कायदा लागू होण्याआधीच देशाबाहेर गेल्याचे लिहिलेले होते. कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली, पुढे त्याला भारताच्या स्वाधीन करण्यात आले, आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. मूर्ती त्याआधीच, २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी स्वतः आणून परत केली होती. एका राष्ट्रीय संस्थेचे तज्ज्ञ खोट्या कागदांना फसले, असे म्हणून हा विषय संपवता येईल. पण मला यातून निघणारा निष्कर्ष वेगळा वाटतो. मंदिरातल्या मूर्तीच्या बाबतीत ‘जुना मालक’ दाखवणारा कागद हाच मुळात संशयाला कारण मानला पाहिजे, कारण तिला खासगी मालक असणे हेच अस्वाभाविक आहे.

मग जुन्या वस्तूंच्या खासगी निर्यातीवर बंदी घालणाऱ्या १९७२ च्या भारतीय कायद्याआधी किंवा सांस्कृतिक वस्तूंची तस्करी रोखण्यासाठीच्या १९७० च्या युनेस्को कराराआधी देशाबाहेर गेलेल्या मूर्तींचे काय? कला-व्यवहारात १९७० हे वर्ष एखाद्या लक्ष्मणरेषेसारखे वापरले जाते; त्याआधीची खरेदी म्हणजे निर्धोक, असा समज आहे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने तिरुमंगै आळ्वार या वैष्णव संताची धातुमूर्ती १९६७ मध्ये लिलावातून घेतली होती, म्हणजे त्या रेषेच्या आधीच. परंतु १९५७ साली तमिळनाडूतील सुंदरराज पेरुमाळ मंदिरात घेतलेल्या छायाचित्रात तीच मूर्ती दिसते, हे एका अभ्यासकाने दाखवून दिले, आणि २०२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने ती परत करण्यास संमती दिली. चोरी ही कराराच्या आधीही चोरीच होती, हे एका विद्यापीठाला उमगते, तर खासगी संग्राहकांनाही उमगायला हरकत नाही.

ज्या छायाचित्राने हे साधले ते पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातले होते. १९५० च्या दशकापासून या संस्थेने तमिळ प्रदेशातल्या लहानमोठ्या मंदिरांतील मूर्तींची पद्धतशीर छायाचित्रे घेतली. १९७८ मध्ये आनंदमंगलमच्या मंदिरातून चोरीला गेलेल्या राम, सीता आणि लक्ष्मणाच्या मूर्ती २०२० मध्ये ब्रिटनमधून परत मिळाल्या, त्याही १९५८ च्या अशाच एका छायाचित्राच्या आधारे. मूर्ती परत आणण्यात पोलीस, वकील आणि मुत्सद्दी यांचा वाटा आहेच, तरीही गावोगावच्या अंधाऱ्या मंडपांत कॅमेरे घेऊन हिंडलेल्या त्या मंडळींचे ऋण सर्वांत मोठे आहे, असे मला वाटते.

आता ‘आमच्याकडे त्या सुरक्षित राहिल्या’ या बचावाकडे वळतो, कारण तो सर्वांत गंभीर आहे. खेड्यातली मंदिरे ओस पडली, कुलपे गंजली, राखणदार उरले नाहीत, ही वस्तुस्थिती कोणी नाकारू नये. तमिळनाडूत तिरुवारूरच्या त्यागराज मंदिरात हजारो मूर्ती सुरक्षेसाठी एकत्र आणून ठेवलेल्या आहेत. ज्या देवांनी आपापल्या गावच्या रस्त्यांवरून मिरवायचे ते एका बंदिस्त जागेत दाटीवाटीने उभे आहेत, हे चित्र सुखावणारे नाही. पण ही वेळ कशामुळे आली? धातू म्हणून ब्राँझची किंमत नगण्य आहे. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाचा मुखवटा मार्च २०१२ मध्ये दोन राखणदारांचा जीव घेऊन पळवला गेला आणि वितळवला गेला, तो सोन्यासाठी. चोळकालीन नटराज कोणी धातूसाठी पळवत नाही आणि वितळवतही नाही. तो पळवला जातो तो अखंड स्थितीत, कुठेतरी कोणीतरी तो अखंड विकत घेणार आहे म्हणून. चौदाव्या शतकाच्या आरंभी मलिक काफूरच्या स्वाऱ्यांच्या काळात पुजाऱ्यांनी मूर्ती जमिनीत पुरल्या, असे मानले जाते. त्या भयातून वाचलेल्या मूर्तींना विसाव्या शतकात धोका निर्माण झाला तो त्यांच्या चाहत्यांच्या मागणीमुळे. म्हणून उत्सवमूर्तींच्या बाबतीत संग्राहक हा रक्षणकर्ता असल्याचा दावा मला मान्य होत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे दक्षिणेचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय आहे, आणि ती चुकीची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातील जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावच्या राममंदिरातून पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. सुदैवाने पुढच्या काही महिन्यांत पोलिसांनी त्या शोधून काढल्या. प्रसिद्ध मंदिर होते, राज्यभर संताप व्यक्त झाला, तपासाला गती मिळाली. ज्या गावाचे नाव तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नाही, तिथल्या विठ्ठल-रखुमाईच्या ओतीव मूर्ती गेल्या तर ‘दोन मूर्ती, उंची अंदाजे एक फूट’ एवढीच नोंद होते, आणि असल्या नोंदीवरून जगातल्या कोणत्याही लिलावात मूर्ती ओळखता येत नाही.

इथपर्यंतच्या विवेचनावरून मी संग्राहकांच्या विरोधात आहे असे वाटेल, पण देव्हाऱ्यातल्या मूर्तींचा प्रश्न सर्वस्वी निराळा आहे. लग्नात मुलीला माहेराहून मिळालेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, कुलदैवताचे टाक, नंदी, गरुड, वितीएवढी गणेशमूर्ती, हे सारे कुटुंबाचे असते. ते गावाने मिरवलेले नसते, त्यांच्या नावे जमीन नसते, त्यांचा उत्सव घराच्या उंबऱ्याआत होतो. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने आणि राखेने घासून यांतल्या कितीतरी मूर्तींचे नाक, डोळे, ओठ पार झिजून गेलेले असतात, आणि बाळकृष्णाच्या गुळगुळीत झालेल्या चेहऱ्यावर फक्त गालाची गोलाई तेवढी बोटाला जाणवते. मला या झिजलेल्या मूर्ती अखंड मूर्तींइतक्याच मोलाच्या वाटतात. किती हातांनी किती सकाळी हे देव धुतले असतील, त्याची ती नोंद आहे. बाजारात मात्र त्यांना भाव नाही. वाटण्या होतात, वाडे पाडले जातात, मुले परदेशी स्थायिक होतात, नव्या सदनिकेतल्या कोनाड्यात चारच देव मावतात, आणि उरलेले नदीत विसर्जित केले जातात, पिंपळाच्या पारावर ठेवले जातात किंवा जुन्या भांड्यांबरोबर मोडीच्या भावाने वजनावर जातात. ओताऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचे काम असे मुशीत परत गेले आहे, आणि त्याबद्दल ना पोलिसांत तक्रार होते ना वर्तमानपत्रात बातमी येते.

या मूर्ती ज्यांनी वाचवल्या त्यांत पुण्याचे दिनकर केळकर यांचे नाव अग्रभागी आहे. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहाला सुरुवात केली, दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे आणि देवघरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरोघरीची माणसे ज्या वस्तूंना अडगळ समजत होती त्यांना त्यांनी इतिहासाचे स्थान दिले. अशा संग्राहकाला चोरांच्या रांगेत उभे करणारा समाज आपलाच वारसा गमावतो.

आपला कायदा मात्र या दोन मूर्तींना एकाच मापाने मोजतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ साली मंजूर झाला आणि १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कोणतीही मूर्ती पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, व्यापार करायचा तर परवाना लागतो, धातुशिल्पांची नोंदणी करावी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावे लागते. निर्यातबंदी योग्यच आहे आणि ती तसूभरही सैल होऊ नये. अडचण आहे ती देशांतर्गत नोंदणीत. एखादी जुनी वस्तू सार्वजनिक ठिकाणी जतन करणे इष्ट आहे असे वाटले, तर केंद्र सरकार मोबदला देऊन ती सक्तीने संपादित करू शकते. धार्मिक विधीसाठी प्रत्यक्ष वापरात असलेल्या वस्तू तेवढ्या यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे मूर्ती पूजेत आहे तोवर निश्चिंती, आणि ज्या दिवशी ती देव्हाऱ्यातून उतरते त्या दिवसापासून धास्ती. आजोबांचे देव कपाटात ठेवणाऱ्या माणसाला ते खरोखरच शंभर वर्षांचे आहेत का, हे ठाऊक नसते; नोंदणीला गेलो तर चौकशीचा ससेमिरा लागेल, या भीतीने तो गप्प बसतो. अशा गप्प बसण्यातूनच विनाकागदांचा बाजार तयार होतो, आणि चोरीची उत्सवमूर्ती ‘आमच्या घराण्यातली’ म्हणून खपवण्याची सोय त्याच बाजारात होते.

म्हणून कायद्यानेच हा भेद करावा. देव्हाऱ्यातल्या, हाताच्या आकाराच्या मूर्तींसाठी नोंदणीची एक ठरावीक मुदत जाहीर करावी. त्या मुदतीत छायाचित्रांसह अर्ज करणाऱ्यावर उशिराबद्दल कारवाई होणार नाही आणि नोंदलेली घरगुती मूर्ती सक्तीने संपादित केली जाणार नाही, अशी लेखी हमी द्यावी, आणि हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावे. दुसऱ्या बाजूला, ज्या मूर्तीच्या पीठाला दांड्यांची भोके वा कड्या आहेत, प्रभावळीचे खुंट आहेत किंवा जिच्यावर दानलेख आहे वा तो घासून काढल्याचा ओरखडा आहे, ती मंदिराची आहे असेच कायद्याने गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी धारकावर टाकावी. अशा प्रत्येक मूर्तीचे छायाचित्र सार्वजनिक करावे. मंदिर सापडले तर मूर्ती विनामोबदला परत जावी. घेणाऱ्याचे पैसे बुडाले हे खरे, पण त्याची वसुली त्याने विक्रेत्याकडून करावी. देवस्थानाने आपल्याच देवासाठी पैसे मोजावेत हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

ज्याला या शिल्पप्रकाराचे खरोखर वेड आहे त्याला एक तिसरा मार्गही उपलब्ध आहे, आणि त्याकडे आपण फार दुर्लक्ष करतो. तमिळनाडूतील स्वामीमलै येथे स्थपती, म्हणजे परंपरागत मूर्तिकार, आजही मेणाचा पुतळा घडवतात, त्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप देतात, साचा तापवून मेण बाहेर काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे दुसरी हुबेहूब मूर्ती त्यातून निघत नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात याच कृतीचे आणि मेणाच्या वजनावरून धातूचे प्रमाण ठरवण्याचे वर्णन आहे. जी विद्या नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदली गेली ती आजही हातांत जिवंत आहे. स्थपतीकडून मूर्ती घडवून घेणारा माणूस पुढच्या पिढीच्या कारागिराचे पोट भरतो, आणि त्याच्या मूर्तीच्या मालकीबद्दल कोणाला कधी शंका घ्यावी लागत नाही. लिलावात एका जुन्या मूर्तीसाठी जी रक्कम ओतली जाते तिच्यात अशी अख्खी कार्यशाळा कित्येक वर्षे चालू शकेल.

राहता राहिला महाराष्ट्रातील मंदिरांचा प्रश्न. इथल्या छोट्या देवस्थानांतल्या धातुमूर्तींची छायाचित्रे घेण्याचे काम शासनाने एका झटक्यात करावे अशी अपेक्षा मी ठेवत नाही, आणि त्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. देवस्थानांच्या विश्वस्तांनी, गावातल्या शिक्षकांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मूर्तीचे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि पीठाच्या तळाचे अशी पाच छायाचित्रे घ्यावीत, उंची व वजन मोजून लिहावे, झीज, भेग, जोड, अक्षरे अशी प्रत्येक खूण टिपावी, आणि त्या नोंदीची एक प्रत देवस्थानात, एक पोलीस ठाण्यात व एक गावाबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयात ठेवावी. तळाचे छायाचित्र कधीही वगळू नये, कारण ओतकामातले खड्डे आणि डाग प्रत्येक मूर्तीचे वेगळे असतात आणि चोराला ते सहसा बदलता येत नाहीत.